कोड लिहायच्या आधी: मराठी नावांच्या सर्चवर कंप्युटेशनल थिंकिंग कसं वापरायचं

कंप्युटेशनल थिंकिंगचे चार शब्द आता कॉलेजच्या पहिल्या वर्षापासून सगळ्यांना पाठ असतात, प्रॉब्लेमचे तुकडे करा, पॅटर्न ओळखा, ॲबस्ट्रॅक्शन (नको तो तपशील बाजूला ठेवणं) करा, अल्गोरिदम लिहा. परीक्षेत लिहायला ठीक आहे. पण कामावर टिकेट, म्हणजे नोंदवलेली तक्रार, येतं ते "सर्च नीट चालत नाही, जरा बघा" एवढंच येतं, आणि मग बहुतेक जण काय करतात तर थेट एडिटर उघडतात आणि क्वेरीत काहीतरी बदलून बघतात, एक केस सुटते, दुसरी बिघडते, मग अजून एक इफ टाकतात, असं करत करत सहा महिन्यांनी त्या फंक्शनला हात लावायला कोणी तयार नसतं. मला मनापासून वाटतं की हे चार शब्द चुकीच्या पद्धतीने शिकवले जातात. खरं काम आहे ते "कुठला फरक ठेवायचा आणि कुठला फेकायचा" हे ठरवण्याचं, आणि फेकला तर काय फेकलं हे एका वाक्यात सांगता येण्याचं. बाकी सगळं त्यातून येतं.

हा शब्दप्रयोग तसा जुना आहे, गणितज्ञ आणि शिक्षणतज्ज्ञ सेमोर पॅपर्ट यांनी १९८० मध्येच वापरला होता, पण तो सगळीकडे पसरला कंप्युटर सायंटिस्ट जेनेट विंग यांनी मार्च २००६ मध्ये एसीएम या कंप्युटर-तज्ज्ञांच्या संस्थेच्या मासिकात लिहिलेल्या छोट्या लेखामुळे. त्यात त्यांनी स्पष्ट म्हटलं होतं की हे म्हणजे प्रोग्रामिंग नाही, संकल्पना मांडणं आहे. तेवढा इतिहास पुरे.

आता एक उदाहरण घेऊ आणि शेवटपर्यंत तेच धरून ठेवू. समजा तालुक्याच्या गावातलं एक सार्वजनिक वाचनालय आहे, १०,००० सभासद, त्यांची नावं-गावं देवनागरीत. डेटा तीन ठिकाणांहून आलेला. काही जुन्या डीटीपी फॉन्टमध्ये टाइप केलेला आणि नंतर कन्व्हर्टरने युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक अक्षराला ठरलेला नंबर देणाऱ्या पद्धतीत, आणलेला, काही ऑफिसच्या कॉम्प्युटरवर इनस्क्रिप्ट या कीबोर्डने टाइप केलेला, आणि अलीकडचा सगळा फोनवरून. तक्रार अशी की काउंटरवर नाव टाकलं तर सभासद सापडत नाही, आणि एकाच माणसाची दोन-दोन खाती झालीत.

आधी जोड्यांची यादी, मग बाकीचं

"सर्च चालत नाही" हा प्रॉब्लेमच नाही, ती तक्रार आहे. प्रॉब्लेम कधी होतो, जेव्हा तुम्ही जोड्या लिहून काढता. एक साधी शीट उघडा आणि तीन रकाने करा: जुळायलाच हवं, जुळायला नकोच, आणि विचारायला लागेल.

पहिल्या रकान्यात काय येईल, तर पाटील आणि पाटिल. अंबिका आणि अम्बिका. दुःख आणि दु:ख, म्हणजे एकात खरा विसर्ग आहे आणि दुसऱ्यात कोणीतरी कोलन टाकलाय, डोळ्याला जवळजवळ सारखंच दिसतं. वॉर्ड २५ मराठी आकड्यांत आणि तोच इंग्रजी आकड्यांत. आणि सगळ्यात गमतीशीर म्हणजे कऱ्हाड आणि कऱ्हाड. हो, दोन्ही सारखेच दिसतात, तरी कॉम्प्युटर म्हणतो वेगळे, त्यावर पुढे येतोच.

दुसऱ्या रकान्यात दर्या आणि दऱ्या. एक समुद्र, एक डोंगरातल्या खोल जागा. ही जोडी मी कुठल्याही मराठी सर्चच्या यादीत सगळ्यात वर ठेवीन कारण ती बरीच तयार सोल्यूशन्स पाडते.

तिसऱ्या रकान्यात दिन आणि दीन, सुत आणि सूत, शिर आणि शीर. पहिली वेलांटी-दुसरी वेलांटी, पहिला उकार-दुसरा उकार बदलला की अर्थ बदलतो, पण माणसं टाइप करताना हे पाळतातच असं नाही. हे ठरवायचा अधिकार डेव्हलपरला नाही. काउंटरवर बसणाऱ्या ग्रंथपाल बाईंना जाऊन विचारायचं, "मॅडम, सुत टाकल्यावर सूत पण खाली दिसलं तर चालेल का?" बहुतेक वेळा उत्तर येतं की चालेल, पण बरोबर असलेलं वर दिसू द्या. बघा, या एका वाक्यात अर्धं डिझाइन आलं, सर्चला फक्त जुळतं-नाही जुळतं एवढंच नको, वर-खाली क्रम पण हवा.

अशा तीस-चाळीस जोड्या गोळा झाल्या की त्या तशाच्या तशा टेस्ट केस होतात. वेगळ्या लिहायला लागत नाहीत.

तुकडे करायचे ते कशावरून

इथे बहुतेक जण तुकडे करतात ते स्क्रीनप्रमाणे किंवा मॉड्यूलप्रमाणे, म्हणजे फ्रंटएंडचं एक, एपीआयचं एक, डेटाबेसचं एक. तसे तुकडे काम वाटून द्यायला चांगले, प्रॉब्लेम समजायला त्यांचा उपयोग नाही. मी तुकडे करतो ते चूक झाली तर किती महागात पडेल यावरून.

सगळ्यात खालचा थर म्हणजे तेच अक्षर पण साठवलंय वेगळं. दिसायला एक, आत कोड वेगळे. इथे बदल केला तर कोणाचंच काही जात नाही, कारण वाचणाऱ्याला फरक दिसतच नव्हता. त्याच्या वरचा थर म्हणजे तोच शब्द पण शुद्धलेखन वेगळं, पाटिल-पाटील. इथे मूळ डेटाला हात लावायचा नाही, माणसाने आपलं नाव जसं लिहिलंय तसंच राहिलं पाहिजे, फक्त शोधताना सैल व्हायचं. त्याच्यावर तेच नाव पण मांडणी वेगळी, आडनाव आधी, वडिलांचं नाव गाळलेलं, नुसतं आद्याक्षर. आणि सगळ्यात वर तोच माणूस आहे का.

हा शेवटचा थर खालच्या तिघांपासून पूर्ण वेगळा काढा. सर्चमध्ये एखादं जास्तीचं नाव दिसलं तर काउंटरवरचा माणूस ते सोडून देतो, दोन सेकंदाचं काम. पण दोन वेगळ्या सभासदांची खाती आपोआप एकत्र झाली तर एकाचं न परत केलेलं पुस्तक दुसऱ्याच्या नावावर चढतं, डिपॉझिटचा घोळ होतो, आणि तो निस्तरायला जुने रजिस्टर काढावे लागतात. म्हणून खाती एकत्र करायचं काम प्रोग्रामने फक्त सुचवायचं, बटण माणसाने दाबायचं. सर्च आणि डुप्लिकेट या दोन गोष्टी एकाच फंक्शनने सोडवायचा मोह होतो कारण दोन्हीकडे नावंच तर जुळवायचीत, तो मोह आवरा.

नियम लिहायच्या आधी मोजा

पॅटर्न ओळखा म्हणजे डोळे बारीक करून डेटाकडे बघत बसा असं नाही. मोजा. दहा ओळींची स्क्रिप्ट पुरते: सगळ्या नावांमधलं एक-एक कॅरेक्टर घ्या, त्याचा युनिकोड नंबर आणि किती वेळा आलं ते मोजा, आणि यादी कमीत कमीपासून वर छापा. वरची मोठी संख्या बघायची गरज नाही, काना-वेलांट्या भरपूर असणारच. शेपटाकडे बघा. तिथे कोलन सापडतील, न दिसणाऱ्या स्पेस सापडतील, इंग्रजी आकडे सापडतील, आणि झेडडब्ल्यूजे सापडेल, म्हणजे झिरो विड्थ जॉइनर, जो स्क्रीनवर दिसत नाही पण शेजारच्या अक्षरांचा आकार बदलतो.

आता कऱ्हाडकडे येऊ. मराठीतला हा जो र रफार होऊन डोक्यावर जात नाही, आडवाच राहतो, मुख्यतः य आणि ह च्या आधी, तो साठवायच्या दोन पद्धती चालू आहेत. एक म्हणजे ऱ हे खालून टिंब असलेलं वेगळं अक्षर, युनिकोड ०९३१, आणि त्याचा पाय मोडायचा. दुसरी म्हणजे साधा र, त्याचा पाय मोडायचा, आणि पुढे झेडडब्ल्यूजे. पहिल्या पद्धतीत कऱ्हाडची लांबी ६ कॅरेक्टर येते: क, ऱ, हलन्त (पाय मोडायची खूण), ह, काना, ड. दुसऱ्या पद्धतीत ७. आणि तिसरा पण प्रकार आहे, साधा र आणि त्याच्यानंतर नुक्ता, म्हणजे खालचं टिंब, वेगळा टाकलेला, त्याचीही लांबी ७.

युनिकोडमध्ये यासाठी नॉर्मलायझेशन नावाची, म्हणजे तेच अक्षर एकसारखं साठवायची, सोय आहे, एनएफसी म्हणतात तो प्रकार घ्या, पायथन, जावा, जावास्क्रिप्ट सगळीकडे तयार फंक्शन आहे. एनएफसी केलं की तिसरा प्रकार पहिल्यासारखा होतो. पण झेडडब्ल्यूजे असलेला दुसरा प्रकार तसाच राहतो, कारण युनिकोडच्या दृष्टीने ते दोन वेगळे मजकूर आहेत. म्हणजे "नॉर्मलाइज केलंय, आता काळजी नाही" असं कोणी म्हटलं तर त्याला कऱ्हाड टाकून दाखवायला सांगा.

असंच ॲडव्होकेटच्या ॲड. चं. ते चार पद्धतीने साठवलेलं सापडतं. ॲ हे एकच अक्षर, जे युनिकोडमध्ये २००८ मध्ये, ५.१ आवृत्तीत आलं. त्याच्या आधीपासून लोक लिहितच होते ना, म्हणून अ आणि त्याच्यावर चंद्र असं दोन कॅरेक्टरचं. मग अ, झेडडब्ल्यूजे आणि चंद्र असं तीन कॅरेक्टरचं, कारण काही फॉन्टमध्ये त्याशिवाय चंद्र नीट बसत नव्हता. आणि ए वर चंद्र असलेलं ऍ. यातलं एकही एनएफसी एकत्र करत नाही. ऑफिसमधला ऑ पण तसाच, एक अक्षर म्हणून किंवा आ आणि चंद्र असा जोडून, आणि कन्व्हर्टरमधून आलेल्या डेटात दुसरा प्रकार बराच असतो.

हे सगळं तुम्हाला आधीच माहीत असायची गरज नाही. मोजणी केली की डेटाच सांगतो.

फेकायचं काय

आता ॲबस्ट्रॅक्शन. नेटवर "टेक्स्ट क्लीन कसं करायचं" शोधलं की एक तयार तुकडा हमखास मिळतो, अक्षर आणि त्याची चिन्हं सुटी करा आणि नॉन-स्पेसिंग मार्क या गटातली सगळी चिन्हं काढून टाका. फ्रेंच-स्पॅनिशसाठी ते ठीक आहे, अक्षरावरची चिन्हं जातात आणि अक्षर उरतं. पण देवनागरीत त्याच गटात उकार, मात्रा, अनुस्वार, नुक्ता आणि हलन्त सुद्धा येतात. काना आणि दोन्ही वेलांट्या मात्र वेगळ्या गटात आहेत, त्या वाचतात. म्हणजे हा कोड चालवला की पुणे चं होतं पण. मुंबई चं होतं मबई. कुलकर्णी चं होतं कलकरणी. एरर काही येत नाही, सर्च चालतो, उलट जास्तच रिझल्ट दाखवतो, आणि म्हणून तो महिनोन्महिने कोणाच्या लक्षात येत नाही. याच जातीचा दुसरा त्रास पायथनच्या नेहमीच्या रेजेक्समध्ये, म्हणजे मजकुरात नमुने शोधायच्या सोयीत, आहे, शब्द ओळखायचं जे बॅकस्लॅश डब्ल्यू आहे ते मात्रा-उकारांना शब्दाचा भाग मानत नाही, पुणे दिलं तर प आणि ण असे दोन तुकडे हातात येतात. शब्द सुटे करायचे असतील तर स्पेस आणि विरामचिन्हांवर तोडा.

ॲबस्ट्रॅक्शन वाईट असतं ते असं, दुसऱ्या कोणीतरी दुसऱ्या भाषेसाठी ठरवलेलं "हे महत्त्वाचं नाही" आपण न वाचता उचलतो.

आपण काय करायचं, तर प्रत्येक नावाची दोन रूपं काढायची. एक पक्कं रूप, ज्यात फक्त खालच्या थराचे फरक पुसले, म्हणजे साठवण्यातले. आणि एक सैल रूप, ज्यात शुद्धलेखनाचे फरक पण पुसले. दोन्ही वेगळ्या कॉलममध्ये, दोन्हीवर इंडेक्स, आणि मूळ नाव जसंच्या तसं आपल्या जागी. शोधणाऱ्याने टाकलेल्या शब्दाची पण तीच दोन रूपं काढायची, पक्क्याशी पक्कं जुळलं ते वर, नुसतं सैल जुळलं ते खाली. ग्रंथपाल बाईंनी सांगितलेलं हेच होतं.

सैल रूपात काय फेकलं याची यादी कोडच्या डोक्यावर मराठीत लिहून ठेवा. ऱ्हस्व-दीर्घ फेकलं. परसवर्णाचा, म्हणजे अम्बिका मधल्या म् सारख्या अनुनासिकाचा, अनुस्वार केला. नुक्ता फेकला, पण ऱ चा नाही. शेवटचं वाक्य विसरलात तर दऱ्या परत दर्या होतात, कारण ऱ आतून सुटा केला की र आणि नुक्ताच निघतो आणि नुक्ते सरसकट झाडले की तो साधा र होतो. आणि नुक्त्यातही ज़ ला वेगळं बघायला लागतं. हिंदी पद्धतीने नुक्ते देऊन लिहिलेल्या ग़ज़ल मधले नुक्ते झाडले की गजल उरतं, मराठीत आपण गझल लिहितो, म्हणून ज़ चा ज नाही तर झ करायचा.

परसवर्णाचा नियम पण नीट बघा. "अनुनासिकाचा पाय मोडलेला असेल आणि पुढे त्याच वर्गातलं व्यंजन असेल तर अनुस्वार करा" असं लिहिलं तर अम्बिकाचं अंबिका होतं, शान्ताचं शांता होतं, छान. पण अण्णाचं अंणा होतं. अन्नपूर्णा पण बिघडते. कारण ण आणि न स्वतः त्याच वर्गात आहेत. म्हणून पुढचं व्यंजन वर्गातल्या पहिल्या चारांपैकीच हवं, पाचवं नको. जोड्यांच्या यादीत अण्णा नसतील तर आत्ता घाला.

पायऱ्यांचा क्रम

पक्क्या रूपासाठी मी हा क्रम धरतो. आधी एनएफसी. मग र, हलन्त, झेडडब्ल्यूजे असं सलग दिसलं की त्याचं ऱ आणि हलन्त करायचं. त्याच्यानंतरच उरलेले झेडडब्ल्यूजे आणि त्याचा भाऊ झेडडब्ल्यूएनजे, म्हणजे झिरो विड्थ नॉन-जॉइनर, काढून टाकायचे. मग अ आणि चंद्र याचं ॲ, ऍ चं पण ॲ, आ आणि चंद्र याचं ऑ. मग कोलनचा विसर्ग, पण फक्त दोन्ही बाजूंना देवनागरी अक्षर चिकटून असेल तेव्हाच, नाहीतर "पत्ता:" मधला खरा कोलन पण विसर्ग होऊन बसेल. मग आकडे एका लिपीत आणि स्पेस एकसारख्या.

क्रम उलटा केला तर काय होतं ते बघा. झेडडब्ल्यूजे आधी काढले तर कऱ्हाडचं कर्हाड झालं, रफार ह च्या डोक्यावर गेला, आणि आता तो परत आणायला काही खूणच उरली नाही. माहिती गेली ती गेली. आणि ॲ चा नियम झेडडब्ल्यूजे काढायच्या आधी चालवला तर तीन कॅरेक्टरवाला ॲ नियमातून निसटतो, तो नंतर दोन कॅरेक्टरचा होतो आणि तसाच राहतो. म्हणजे एका नियमाला झेडडब्ल्यूजे हवाय आणि दुसऱ्याला नकोय, हे कागदावर दोन ओळीत लिहिलं की क्रम आपोआप ठरतो, त्यासाठी प्रयोग करत बसायला लागत नाही.

आणि एक टेस्ट जोड्यांपेक्षा वेगळी लिहा. फंक्शन एकदा चालवून जे उत्तर आलं त्यावरच परत चालवा, उत्तर बदललं नाही पाहिजे. ही एकच अट, पण ती अशा चुका पकडते ज्या आपण जोड्यांमध्ये कधी लिहिणार नाही. वरचाच क्रम घ्या. र, मग कुठूनतरी शिरलेला झेडडब्ल्यूजे, मग नुक्ता असा तुटका डेटा आला. पहिल्या पायरीत एनएफसी त्यांना जोडू शकत नाही कारण मध्ये झेडडब्ल्यूजे आहे. तिसऱ्या पायरीत झेडडब्ल्यूजे गेला, आता र आणि नुक्ता शेजारी आले पण एनएफसी तर होऊन गेलं. फंक्शन दुसऱ्यांदा चालवलं की मात्र त्यांचा ऱ होतो. दोन वेळची उत्तरं वेगळी, टेस्ट पडली. उपाय सोपा आहे, शेवटी परत एकदा एनएफसी करा. पण हे कोणी बसून आठवेल असं मला वाटत नाही, म्हणून टेस्टला रँडम कॅरेक्टरची सरमिसळ द्या, दहा हजार वेळा फिरू दे, काही सेकंदात होतं.

डुप्लिकेट शोधताना आकडेमोड आधी

१०,००० सभासदांत प्रत्येकाची प्रत्येकाशी तुलना करायची म्हटलं तर ४,९९,९५,००० जोड्या होतात, जवळजवळ पाच कोटी. प्रत्येक जोडीला एडिट डिस्टन्स काढायचं, म्हणजे एका शब्दाचा दुसरा करायला किती अक्षरं बदलावी लागतात ते मोजायचं, व्लादिमिर लेव्हनश्टाइन यांनी १९६५ मध्ये मांडलेली पद्धत, तर ते रात्रभर चालवून होईलही, पण गरज काय. आडनावाच्या सैल रूपाप्रमाणे गट पाडा आणि तुलना गटाच्या आतच करा. ५० जणांचे २०० गट पडले असं धरलं तर जोड्या उरतात २,४५,०००. दोनशेपट काम कमी.

पण हा हिशेब कागदावरचा आहे, सगळे गट सारखे पडले तर. महाराष्ट्रातल्या तालुक्याच्या गावात ते पडत नाहीत. समजा १०,००० मध्ये ९०० पाटील निघाले तर त्या एकट्या गटात ४,०४,५५० जोड्या होतात, वरच्या सगळ्या गटांच्या बेरजेपेक्षा जास्त. म्हणून गटाची सरासरी बघू नका, सगळ्यात मोठा गट बघा, आणि तो मोठा असेल तर नावाचं पहिलं अक्षर किंवा जन्मवर्ष जोडून अजून फोडा. अर्थात जन्मवर्ष चुकीचं नोंदवलेलं असेल तर ती जोडी कधीच समोर येणार नाही, ही किंमत आहे, ती माहीत असून मोजायची.

साउंडेक्स वापरू का असं हमखास विचारलं जातं. त्याचं पेटंट अमेरिकेत १९१८ मध्ये निघालं, तिथल्या इंग्रजी स्पेलिंगच्या आडनावांसाठी, पहिलं अक्षर आणि तीन आकडे असा कोड. त्यासाठी आपली नावं आधी इंग्रजीत नेली की ट-त, ण-न, ळ-ल हे फरक तिथेच गेले, आणि वर साउंडेक्स टी आणि डी ला एकच आकडा देतो, डब्ल्यू सोडून देतो. पाटील आणि पडवळ या दोघांचाही कोड पी-३४० येतो. आपल्याकडे देवनागरीत उच्चार लिहिलेलाच असताना तो इंग्रजीतून फिरवून आणायचं कारण मला तरी दिसत नाही.

एडिट डिस्टन्स वापरताना सगळे बदल एका किमतीचे धरू नका. वेलांटी बदलली तर अर्धा, ण-न किंवा ळ-ल बदललं तर अर्धा, पूर्ण व्यंजनच बदललं तर एक. हे आकडे कुठे लिहून ठेवलेले नाहीत, तुमच्या जोड्यांच्या यादीवर चालवून बघून ठरवायचे.

बिघडलं की अर्ध्यावर तोडा

कन्व्हर्टरमधून आलेली ८,००० ओळींची फाइल इंपोर्ट करताना मध्येच क्रॅश होते आणि एरर मेसेज काही कामाचा नाही, हे होणारच. फाइल अर्धी करा, कुठला अर्धा पडतो बघा, तो परत अर्धा करा. १३ वेळा केलं की एक ओळ हातात येते, कारण २ चा १३ वा घात ८,१९२ आहे. कोडमध्ये कधी बिघडलं ते शोधायला कोडच्या आवृत्त्या सांभाळणाऱ्या गिटची बायसेक्ट कमांड हेच करते, १,००० कमिट, म्हणजे नोंदवलेले बदल, असतील तर साधारण १० वेळा तपासून होतं.

फक्त एक बघा, हे कधी चालतं, जेव्हा दोष एका जागी असतो. दोन ओळी एकत्र आल्यावरच क्रॅश होत असेल, उदाहरणार्थ दोन नावांचं पक्कं रूप एकच निघालं आणि कॉलमवर युनिकची, म्हणजे एक मजकूर एकदाच येण्याची, अट आहे, तर तोडताना त्या दोन ओळी वेगवेगळ्या अर्ध्यात जाऊ शकतात आणि मग दोन्ही अर्धे बिनतक्रार इंपोर्ट होतात. तसं झालं तर गोंधळून जाऊ नका, ती खूण आहे. दोष ओळीत नाही, ओळींच्या नात्यात आहे, आणि तिथे पक्क्या रूपाप्रमाणे सॉर्ट करून शेजारी-शेजारी बघणं जास्त लवकर होतं.

नंतर नियम बदलले की

बदलतातच. काउंटरवरून निरोप येतो की अमुक नाव सापडत नाही, आधी ती जोडी शीटमध्ये घाला, टेस्ट पडते का बघा, आणि मगच फंक्शनला हात लावा. फंक्शनला एक आवृत्ती नंबर द्या आणि पक्कं-सैल रूपांच्या शेजारी तो नंबर पण साठवा, म्हणजे कुठल्या ओळी जुन्या नियमाने काढलेल्या आहेत ते एका क्वेरीत कळतं. नियम बदलला की त्या ओळींची रूपं परत काढायची, १०,००० नावांना ते चहा यायच्या आत होतं, आणि सभासदाने लिहिलेलं मूळ नाव या सगळ्यात कुठेच हललेलं नसतं, त्यामुळे नवा नियम फसला तर जुना नंबर लावून रात्रीत मागे पण जाता येतं.